वैद्यक परिषदेची देखरेख : पदवी, नोंदणी आणि शिस्त

प्रस्तावना
डिसेंबर २०२४ मध्ये सुरत पोलिसांनी बनावट वैद्यकीय पदव्यांचे एक प्रकरण उघडकीस आणले. सुमारे ७० हजार रुपयांत इलेक्ट्रो-होमिओपॅथीची पदवी, सोबत नोंदणीचा दाखला आणि दरवर्षी नूतनीकरणाची फी, अशी ती पद्धत असल्याचे पोलिसांनी सांगितले. सुमारे १२०० पदव्यांची माहिती हाती लागली. म्हणजे येथे केवळ डॉक्टर खोटे नव्हते. परिषदेचे सोंगही उभे केले गेले होते. डिंडोली, पांडेसरा, उधना या भागांत खानदेशातून आलेली कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. ताप आला की गल्लीतला दवाखाना गाठावा, ही त्यांची रीत. तेव्हा खरी परिषद कशी ओळखावी, हे शिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

‘सनद’ शब्दाचे दोन अर्थ
अरबीतून आलेला हा शब्द उर्दूत प्रामुख्याने पदवी वा प्रमाणपत्रासाठी वापरला जातो. मराठीत मात्र वकिलाची सनद म्हणजे व्यवसाय करण्याचा परवाना. वैद्यकीय व्यवसायात या दोन्ही सनदा लागतात. पहिली विद्यापीठ देते, दुसरी परिषद. पहिली ज्ञानाची साक्ष देते. दुसरीमुळे तिचा धारक कायद्याला उत्तरदायी होतो.

कायद्याचा आधार
युनानीचे उदाहरण घेऊ. १९७० च्या कायद्याने केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषद स्थापन झाली. तिच्या जागी २०२० च्या कायद्यान्वये भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला व जून २०२१ पासून तो कार्यरत आहे. त्याच्या अखत्यारीत चार स्वायत्त मंडळे आहेत : एक आयुर्वेदासाठी, एक युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा यांसाठी, एक महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी आणि एक आचार व नोंदणीसाठी. इलेक्ट्रो-होमिओपॅथीसाठी केंद्रीय कायद्याने स्थापलेली अशी कोणतीही परिषद नाही. बनावट मंडळाला शिरकाव मिळाला तो नेमका याच फटीतून.

देखरेखीची तीन अंगे
१) शिक्षण : मालेगाव, जळगाव वा अक्कलकुवा येथील युनानी महाविद्यालयांत किती विद्यार्थी घ्यावेत, अध्यापक किती असावेत, अभ्यासक्रम कोणता असावा, हे आयोगाच्या निकषांनी ठरते.
२) नोंदणी : पात्र व्यक्तीचेच नाव राज्याच्या व राष्ट्रीय नोंदवहीत येते.
३) शिस्त : तक्रार आल्यास राज्याची परिषद डॉक्टरला बाजू मांडण्याची संधी देऊन निर्णय करते. त्याविरुद्ध प्रथम आचार व नोंदणी मंडळाकडे आणि त्यानंतर आयोगाकडे अपील करता येते.

नोंदणीची मर्यादा
नोंदणी म्हणजे सर्व उपचारांची मोकळीक नव्हे. मुंबईतील एका नोंदणीकृत होमिओपॅथने अॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कृती मुळातच निष्काळजीपणाची ठरवून भरपाई देण्याचा आदेश दिला. १९९८ च्या निकालानुसार, भारतीय चिकित्सेच्या पदवीधरास अॅलोपॅथीची औषधे देता येतात ती राज्याच्या कायद्याने तशी मुभा दिली असेल तरच. म्हणून महाराष्ट्रातून गुजरातेत येणाऱ्या पदवीधराने येथील नियम आधी पाहिले पाहिजेत.

समारोप
परिषद स्वतःहून प्रत्येक गल्लीत पोहोचू शकत नाही. पुष्कळदा तक्रार आल्यावरच तिचे काम सुरू होते. जेथे रुग्णाला नोंदणी क्रमांक विचारण्याचा संकोच वाटतो, तेथे उत्तम कायदाही निष्प्रभ ठरतो. आरोग्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण तीन प्रश्न विचारायला शिकवावे : हे मंडळ कोणत्या कायद्याने स्थापन झाले? या पदवीवर नाव कोणत्या नोंदवहीत लागेल? आणि चूक झाल्यास तक्रार कोणाकडे करायची? तिन्हींची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज फी भरू नये.