हातभर अंतरावरील जादू

रंगभूमीवरील जादूगाराला पुष्कळ साहाय्यक असतात. प्रेक्षक दूर बसलेले असतात, दिवे हवे तेथेंच पडतात, वाद्यें वाजत असतात आणि पाठीमागें काळा पडदा असतो. यांपैकीं कशाचेंच साहाय्य ज्याला मिळत नाहीं, असा जादूगारांचा एक निराळा वर्ग आहे. जेवणाच्या टेबलापाशीं, लग्नसमारंभांतील पाहुण्यांच्या घोळक्यांत किंवा दिवाणखान्यांतील चार माणसांच्या बैठकींत तो आपले खेळ करतो. त्याचा प्रेक्षक हातभर अंतरावर असतो. मनांत आल्यास तो जादूगाराचें मनगटही धरूं शकतो. पत्ते, नाणीं, दोरी, पेले, एखादी अंगठी एवढेंच त्याचें साहित्य. जगभर या कलेला ‘क्लोज-अप’ हें नांव पडलें आहे. मराठींत तिला निकटची जादू म्हणतां येईल. या कलेवर पोट भरणाऱ्यानें कोणता खेळ घ्यावा आणि कोणता टाकावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याची बिदागी, त्याचा लौकिक आणि प्रेक्षकांचा आनंद या तिन्ही गोष्टी त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

या कलेचें वय फार मोठें आहे. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आपल्या एका पत्रांत जादूगाराच्या वाट्या आणि खडे यांचा उल्लेख केला आहे. ही फसवणूक निरुपद्रवी असून तिच्यांतच गंमत आहे. ती कशी केली जाते हें कळलें कीं गोडी संपली, असा त्याचा अभिप्राय आहे. भारतांतील रस्त्यावरचा गारुडीही पिढ्यान्‌पिढ्या हाच वाट्यांचा खेळ करीत आला. युरोपांतील जादूगार टेबलामागें उभा राहतो. गारुडी जमिनीवर बसतो. वरच्या बाजूस बोंड असलेल्या उथळ वाट्या तो बोटांच्या चिमटींत धरून उचलतो, आणि कापडाचे लहान गोळे त्यांच्याखालीं येतात व जातात. भोंवतीं लोकांचें कडें, वर लख्ख ऊन आणि समोर चौकस पोरें. निकटच्या जादूची याहून कठीण परीक्षा क्वचितच असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्ना येथें योहान नेपोमुक होफ्त्सिन्सर (१८०६–१८७५) यानें पत्त्यांचे खेळ सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत नेले आणि या कलेला एक प्रकारची साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून दिली. रस्ता आणि दिवाणखाना हीं या कलेचीं दोन माहेरें होत.

आजच्या धंद्यांतील पहिली अडचण अशी कीं, बाजारांत विकली जाते ती युक्ति, आणि जादूगाराला लागतो तो खेळ. या दोहोंत फार अंतर आहे. जादूचें साहित्य विकणारे व्यापारी हल्लीं फोनवर पाहतां येणाऱ्या लहान चित्रफितींतून आपल्या मालाची जाहिरात करतात. अशा चित्रफितींत कॅमेरा एकाच सोयीच्या जागीं असूं शकतो. पूर्वतयारी आधींच उरकलेली असते. शेवटीं आवराआवर कशी केली तें दिसत नाहीं. नवशिका माणूस ती पाहून थक्क होतो, पैसे भरतो आणि रहस्य हातीं आल्यावर त्याच्या चतुराईचें कौतुक करीत बसतो. परंतु रहस्याची चतुराई प्रेक्षकाला कधींच दिसत नाहीं. किंबहुना ती दिसूं द्यायचीच नसते. म्हणून ज्या गुणावर जादूगार सर्वांत अधिक लुब्ध होतो, तोच गुण खेळाची पारख करतांना सर्वांत कमी उपयोगी पडतो. पारख करावयाची ती प्रेक्षकाच्या खुर्चींत बसून.

पहिली कसोटी ही कीं, पाहणाऱ्याला घरीं गेल्यावर तो खेळ एका वाक्यांत सांगतां आला पाहिजे. ‘माझ्या मुठींत एक गोळा ठेवला होता, मूठ उघडली तों दोन निघाले,’ हें वाक्य लहान मूलही सांगूं शकतें. उलट पत्त्यांच्या चार गड्ड्या करावयाच्या, त्यांतील तिसरींतलें पान मोजून काढावयाचें, मग त्याच्या आंकड्याइतकीं पानें पुन्हां मोजावयाचीं, अशा खेळाचें गणित कितीही खोल असलें तरी प्रेक्षकाचें लक्ष वाटेंतच गळून पडतें. १९२२ सालीं शिकागो येथें डाय व्हर्नन (१८९४–१९९२) या तरुण जादूगारानें सुप्रसिद्ध हॅरी हुडिनीला पत्त्यांचा एक खेळ दाखविला. हुडिनीनें एका पत्त्यावर आपलीं आद्याक्षरें लिहिलीं. व्हर्नननें तो वरून दुसऱ्या जागीं ठेवला, आणि तो पुन्हां सर्वांत वर आला. कोणताही खेळ तीन वेळां पाहिला कीं आपणांस त्याचें मर्म कळतें, अशी हुडिनीची प्रौढी होती. व्हर्नननें तो पुन्हां पुन्हां करून दाखविला, तरी हुडिनीला उलगडा झाला नाहीं; आणि ‘हुडिनीला फसविणारा माणूस’ ही व्हर्ननची ओळख जन्मभर टिकली. खालीं घातलेला पत्ता वर येतो, एवढीच त्या खेळाची कथा. हातचलाखी कठीण असावी, पण कथा सोपी असावी, हा त्यांतील धडा होय.

दुसरी कसोटी जागेची. खेळ कोठून पाहिला तर फुटतो, हें आधीं ठरविलें पाहिजे. हॉलिवुडमध्यें १९६३ सालीं उघडलेल्या ‘मॅजिक कॅसल’ या जादूगारांच्या संस्थेंत निकटच्या जादूसाठीं एक लहानसें दालन आहे. तेथें मोजके प्रेक्षक समोर बसतात आणि जादूगारापुढें मखमली कापडाचें टेबल असतें. तेथें शोभणारा खेळ उपाहारगृहांत शोभेलच असें नाहीं. उपाहारगृहांत टेबलावर ताटें, पेले आणि सांडलेलें पाणी असतें. हात टेंकण्यास जागा नसते. एक पाहुणा डाव्या कोपराशीं, दुसरा उजव्या खांद्याशीं आणि वाढपी पाठीमागें उभा असतो. ज्या युक्तीला मांडीचा आडोसा लागतो ती उभ्या माणसाला निरुपयोगी. जिला पाठीमागची बाजू मोकळी लागते ती घोळक्यांत घातक. म्हणूनच छातीच्या उंचीवर, बोटांच्या टोकांशीं धरून केलेले नाण्यांचे खेळ उभ्या पाहुण्यांपुढें अधिक उपयोगी पडतात. ते मागच्या रांगेंतील माणसालाही दिसतात आणि त्यांना टेबल लागत नाहीं.

तिसरी कसोटी प्रेक्षकाला ठाऊकही नसते. खेळ संपल्यावर तो पुन्हां पहिल्या स्थितींत किती वेळांत येतो, हा तो प्रश्न. समजा, एका मेजवानींत १५ टेबलें आहेत आणि प्रत्येकाला ५ मिनिटें द्यावयाचीं आहेत. म्हणजे प्रत्यक्ष खेळ ७५ मिनिटांचा झाला. दोन टेबलांच्या मध्यें साहित्य लावण्यास २ मिनिटें लागत असतील, तर चौदा वेळां मिळून २८ मिनिटें केवळ कोपऱ्यांत तोंड फिरवून उभें राहण्यांत जातील, आणि यजमानानें त्याचे पैसे मोजलेले असतील. व्हर्ननचा तीन पेल्यांचा खेळ १९५७ सालच्या ‘डाय व्हर्नन बुक ऑफ मॅजिक’ या ग्रंथांत आला आहे आणि तो या कलेंतील एक आदर्श मानला जातो. परंतु तीन पेले, लहान गोळे, शेवटीं निघणाऱ्या मोठ्या वस्तु आणि त्यांसाठीं भरलेले खिसे हा सारा संसार घेऊन टेबलामागून टेबल फिरणें फार जिकिरीचें असतें. उलट ‘चॉप चॉप’ या नांवानें खेळ करणाऱ्या अल व्हीटली याच्यावरून ज्याचें नांव ‘चॉप कप’ पडलें, तो पेल्याचा खेळ पाहावा. पेला एक, गोळा एक. गोळा खिशांत घातला तरी पेल्याखालीं सांपडतो. साहित्य कमी झालें, कथा तीच राहिली. फिरत्या जादूगारांनीं हा पेला आपलासा केला, याचें कारण हेंच.

चौथी कसोटी प्रेक्षकाच्या हाताची. निकटच्या जादूचें खरें वैभव असें कीं, चमत्कार दुसऱ्याच्या तळहातावर घडवितां येतो. स्पंजाच्या गोळ्यांचा खेळ जादूच्या कोणत्याही दुकानांत स्वस्तांत मिळतो. त्यामुळें शिकाऊ लोक त्याला हलका समजतात. परंतु ते गोळे मऊ असल्यामुळें आवाज करीत नाहींत, दाबले असतां लहान होतात, मंद प्रकाशांत दिसतात, आणि शेवटची घटना पाहुण्याच्या स्वतःच्या मुठींत घडते. त्याच न्यायानें मागून घेतलेली अंगठी किंवा पाहुण्यानें सही केलेला पत्ता यांचें महत्त्व आहे. वस्तु प्रेक्षकाची झाली कीं संशयाची अर्धी वाट बंद होते. ज्या खेळांतील वस्तु कोणाच्या हातीं देतां येत नाहीं, त्यांत ‘जरा बघूं’ या दोन शब्दांनीं सारी इमारत कोसळते. आणि हातभर अंतरावर तें वाक्य कोणी ना कोणी उच्चारतोच.

पांचवी कसोटी नजरेची. ब्रिटनमधील गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत जादूगार चेंडू दोनदां खरोखर वर फेंकतो आणि तिसऱ्यांदा केवळ फेंकण्याचा आविर्भाव करतो. त्या वेळीं त्याची नजर वर गेली, तेव्हां सुमारें दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर जातांना ‘दिसला’. तीच क्रिया करतांना तो आपल्या हाताकडे पाहत राहिला, तेव्हां ही संख्या सुमारें एक तृतीयांशावर उतरली. जादूगाराचे डोळेही युक्तीचाच भाग असतात, असा याचा अर्थ. म्हणून जो खेळ करतांना मोजदाद करावी लागते, किंवा बोटांकडे पाहावें लागतें, तो कागदावर कितीही उत्तम असला तरी निकटच्या जादूंत अपुराच. ज्या खेळांत जादूगार मान वर करून पाहुण्याशीं बोलूं शकतो, तोच त्याच्या कामाचा.

एकटा खेळ या कसोट्यांना उतरला म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हे. तीन-चार खेळ एकत्र गुंफून पांच मिनिटांचा क्रम लावावा लागतो. अनोळखी टेबलापाशीं गेल्यावर पहिला खेळ झटपट व निःशब्दही चालेल असा असावा. कारण लोकांनीं त्याला बोलावलेलें नसतें, त्यांच्या गप्पा चाललेल्या असतात. मधल्या खेळांत पाहुण्यांना भाग द्यावा. शेवटच्या खेळानंतर दुसरा कांहीं पाहावा असें वाटूं नये. वाढपी मध्येंच आला, तर कोठेंही थांबतां यावें. पत्ता चुकला, नाणें पडलें, तर बाहेर पडण्याची वाट आधींच ठरलेली असावी. ज्या खेळाला अशी वाट नाहीं, तो कितीही मोठा असला तरी मेजवानींत नेणें म्हणजे यजमानाच्या पैशावर जुगार खेळणें होय. चुकीची भरपाई पाहुण्याची थट्टा करून करावी, असा मोह पुष्कळांना होतो. तो सर्वांत वाईट; कारण फसलेला माणूस हंसतो, पण अपमान झालेला माणूस ती संध्याकाळ विसरत नाहीं.

आतां या सर्व कसोट्यांच्या विरुद्ध जाणारें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. मॅक्स मालिनी (१८७३–१९४२) याचे हात फारच लहान होते. देशोदेशींच्या श्रीमंतांच्या मेजवान्यांत तो आपले खेळ करी. जेवणाच्या टेबलावर मागून घेतलेल्या टोपीखालून तो बर्फाचा भला मोठा तुकडा काढी, ही त्याच्याविषयींची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे. फिरत्या जादूगाराच्या मापानें मोजलें तर हा खेळ अगदींच टाकाऊ ठरतो: साहित्य अवजड, वितळणारें आणि ओलें, पुन्हां करण्याची सोय नाहीं. परंतु मालिनीला पंधरा टेबलें फिरावयाचीं नव्हतीं. त्याला एकाच टेबलापाशीं सारी संध्याकाळ बसून, गप्पा मारीत, योग्य क्षणाची वाट पाहावयाची होती. त्याच्या कामाला तो खेळ चोख होता.

तेव्हां चांगला खेळ आणि वाईट खेळ अशी जात मुळांत नसतेच. अमुक जागीं, अमुक लोकांपुढें, अमुक माणसाच्या हातांतून कोणता खेळ उभा राहील, एवढाच प्रश्न असतो. त्याचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं आणि आरशापुढेंही पुरतें मिळत नाहीं, कारण आरसा खोकत नाहीं, मध्येंच बोलत नाहीं आणि हात पुढें करीत नाहीं. तें उत्तर अनोळखी माणसांपुढें पुन्हां पुन्हां उभें राहून, जो खेळ तीनदां अडखळला तो कितीही आवडता असला तरी पेटींत ठेवून, हळूहळू मिळवावें लागतें. जुन्या, अनुभवी जादूगारांपाशीं बहुधा थोडेच खेळ असतात. टाकून दिलेल्या पुष्कळ खेळांच्या अनुभवांतून ते थोडे शिल्लक राहिलेले असतात, आणि हातभर अंतरावर बसलेल्या चौकस माणसालाही मग आपली मूठ उघडतांना क्षणभर श्वास रोखावा लागतो.