तिरपी चौकट, सरळ अक्षर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एक चौकोनी कागद घ्या आणि त्यावर आडव्या ओळीत आपले नाव लिहा. आता तो कागद असा फिरवा, की त्याचा एक कोपरा वर आणि एक खाली येईल. कागद शंकरपाळ्यासारखा दिसू लागेल. पण नावही तिरपे होईल आणि ते वाचायला मान वाकडी करावी लागेल. कागद शंकरपाळ्यासारखाच राहावा आणि नाव मात्र सरळ वाचता यावे, असे हवे असेल तर काय करायचे? हातात पेन असेल तर उत्तर सोपे आहे. कागद आधी फिरवायचा आणि मग लिहायचे. संगणकावर मात्र हीच गोष्ट अनेकांना तासन् तास छळते.

हा प्रश्न फक्त मुंबई-पुण्याच्या जाहिरात कंपन्यांचा नाही. आमच्या वणीसारख्या तालुक्याच्या गावातही लग्नपत्रिका, शिबिरांचे फलक, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स हे सगळे आता संगणकावरच तयार होते. ‘साधी चौकट नको, जरा वेगळे करा’ असे गिऱ्हाईक म्हणते. मग चौकोन फिरवला जातो आणि आतला मजकूरही त्याच्याबरोबर फिरतो.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या डोळ्यांना शंकरपाळे म्हणजे चार तिरप्या रेघांची आकृती दिसते. संगणकाच्या नोंदीत मात्र तो पंचेचाळीस अंशांत फिरवलेला चौरस असतो. म्हणजे आकार वेगळा लिहिलेला असतो आणि फिरवण्याचा कोन वेगळा. मजकूर त्या चौकटीत ठेवला, की तो तिच्या घरचा सदस्य होतो. घर फिरले की घरातली माणसेही फिरतात. संगणकाची यात चूक नाही. उलट, पुस्तकाचे मुखपृष्ठ तिरपे मांडायचे असेल तेव्हा त्यावरची अक्षरे त्याच्याबरोबर फिरावीत, असेच आपल्याला वाटते. चौकट आणि मजकूर यांचे नाते कुठे जोडायचे आणि कुठे तोडायचे, हे आपणच सांगावे लागते.

त्याचे तीन-चार मार्ग आहेत. पहिला मार्ग जुन्या पेंटरांचा. चौकट रिकामी ठेवायची आणि अक्षरे वेगळी लिहून तिच्यावर आणून बसवायची. लग्नपत्रिकेवरच्या दोन नावांसाठी एवढे पुरते. पण मजकूर बदलला की ओळी पुन्हा हाताने तोडाव्या लागतात. दुसरा मार्ग म्हणजे चौरस काढून फिरवण्याऐवजी चार बिंदू जोडून मुळातच शंकरपाळे काढायचे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाच्या नोंदीत आता कोन नसतो. अशा आकृतीत भरलेला मजकूर सरळच बसतो आणि तिरप्या कडांप्रमाणे ओळी लहानमोठ्या होतात. तिसरा मार्ग इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांना ठाऊक असतो. पांढऱ्या बाणाने चौकटीची फक्त कड निवडायची आणि तेवढीच फिरवायची. मजकूर जागेवर सरळ राहतो आणि नव्या आकारात आपोआप बसतो. पॉवरपॉइंटमध्ये तर ‘मजकूर फिरवू नका’ अशा अर्थाची एक सोयच दिलेली असते.

काही जण चौकट एका बाजूला फिरवतात आणि आतला मजकूर तेवढाच उलट फिरवतात. वरवर पाहता हिशेब जुळतो. परंतु त्या मजकुराच्या ओळी अजून जुन्या, सरळ चौरसाच्या मापाने तोडलेल्या असतात. त्यामुळे वरच्या आणि खालच्या ओळींची टोके तिरप्या कडांच्या बाहेर डोकावतात.

आता थोडे गणित पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस घ्या. त्याचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर. तो शंकरपाळ्यासारखा उभा केला, तर त्याच्या आत मावणारा सर्वांत मोठा सरळ आयत पन्नास चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे बरोबर निम्मा. ओळी कडांप्रमाणे लहानमोठ्या केल्या तर जरा जास्त मावते. दोन सेंटिमीटर उंचीची ओळ धरली, तर मधली ओळ सुमारे बारा सेंटिमीटर लांब होते, तिच्या वरची व खालची आठ-आठ आणि त्यांच्याही पलीकडच्या चार-चार सेंटिमीटर. पाचही ओळींची एकूण लांबी छत्तीस सेंटिमीटरच्या थोडी वर जाते. सरळ चौरसात अशाच पाच ओळी पन्नास सेंटिमीटर भरतात. म्हणजे चौरस फिरवला की कागद तेवढाच राहतो, पण मजकुराची जागा पाऊण हिश्श्यापेक्षाही कमी होते.

मग उरलेला मजकूर जातो कुठे? तो पुसला जात नाही, लपतो. चौकटीत न मावलेल्या ओळी बहुतेक सॉफ्टवेअर दाखवतच नाहीत; कडेला एखादी छोटी लाल खूण तेवढी उमटते. घाईत ती नजरेतून सुटते आणि फलक छापून येतो. शेवटच्या ओळीत बहुधा काय असते? वेळ, ठिकाण, फोन नंबर. रक्तदान शिबिराचा फलक चौकात लागतो आणि शिबिर कुठे आहे, हेच त्यावर नसते. सजावटीपायी निरोपच हरवतो.

देवनागरीची गोष्ट आणखी वेगळी. इंग्रजी अक्षर थोडे कलले तरी पटकन लक्षात येत नाही. आपली शिरोरेखा मात्र गवंड्याच्या ओळंब्यासारखी आहे. ती दोन अंशांनी कलली तरी डोळ्याला खुपते. म्हणूनच पाटी रंगवणारा पेंटर आधी खडूची दोरी मारून आडवी रेघ घेतो आणि मग ब्रश उचलतो. शिवाय आपल्याला शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी जागा लागते आणि खाली उकार व जोडाक्षरांसाठी. ओळ उंच झाली, की तिरपी कड तिला लवकर कापते. त्याच शंकरपाळ्यात इंग्रजी मजकुरापेक्षा मराठी मजकुराच्या ओळी कमी बसतात, त्याचे कारण हेच.

उर्दूच्या नस्तालिक लिपीत याउलट आहे. तिला शिरोरेखा नाही. तिचा शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत येतो. उतार तिच्या स्वभावातच आहे. इराणी आणि मोगल काळातल्या सुलेखनकारांनी ‘चलीपा’ नावाची एक मांडणी केली. तिच्यात चौकट सरळ उभी असते आणि कवितेच्या ओळी मात्र तिरप्या, आणि कोपऱ्यांत उरलेले त्रिकोण वेलबुट्टीने भरले जातात. आपल्या प्रश्नाचे हे उलटे रूप म्हणता येईल. गंमत अशी, की बोरूने दिलेला नुक्ता, म्हणजे ठिपका, स्वतःच शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो आणि अरबी सुलेखनात अक्षरांची उंची-रुंदी त्याच ठिपक्यांनी मोजतात. चीनमध्ये नववर्षाला दारावर लाल चौकोनी कागद कोपऱ्यावर उभा करून चिकटवतात. त्यावर ‘फू’, म्हणजे सौभाग्य, हे अक्षर सरळ लिहिलेले असते. एकच अक्षर असल्याने ते मधोमध ऐसपैस बसते.

मात्र या आकाराचा सर्वांत गंभीर उपयोग रस्त्यावर दिसतो. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, वाहतूक मोठी आहे. ट्रकच्या रांगेत गॅसचा किंवा पेट्रोलचा टँकर दिसला, तर त्याच्यावरचे लाल शंकरपाळे पाहा. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांवर अशी वर्गचिन्हे लावण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. चिन्हाचा हा आकार संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींतून जगभर रूढ झाला. पेटीवरचे चिन्ह साधारणपणे किमान १०० मिलिमीटर बाजूचे, तर कंटेनर-टँकरवरचे २५० मिलिमीटर बाजूचे असावे, असा दंडक आहे.

त्या चिन्हातली मांडणी पाहण्यासारखी आहे. वरच्या भागात ज्वाळेचे चित्र. मधल्या रुंद पट्ट्यात फार तर एक-दोन शब्द. खालच्या निमुळत्या कोपऱ्यात एकच आकडा; ज्वलनशील वायूसाठी २, पेट्रोलसारख्या द्रवासाठी ३. चौकट तिरपी आहे ती लांबून वेगळी दिसावी म्हणून आणि आतला मजकूर सरळ आहे तो चटकन वाचता यावा म्हणून. टँकर उलटला असेल, धूर निघत असेल, तेव्हा अग्निशमन दलाच्या जवानाला मान वाकडी करून वाचायला वेळ नसतो. गाडीत काय आहे, हे एका नजरेत कळले नाही तर पाणी मारायचे की फेस, गर्दी किती दूर हटवायची, सगळेच अडते. तिथे सरळ अक्षरावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

ते चिन्ह आपल्याला एक साधी गोष्ट शिकवते: आकार आधी ठरला असेल, तर मजकूर त्याच्या मापाने लिहावा. आम्हां कवींना हे नवे नाही. वृत्तात लिहिणाऱ्याला ओळीची लांबी आधीच ठाऊक असते. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आपल्या संगणकांवरच्या ‘मंगल’ या देवनागरी फाँटची रचना केली. शब्द कुठे ठेवायचा आणि अक्षर कसे दिसायचे, हे प्रश्न एकमेकांपासून किती जवळ आहेत, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

म्हणून शंकरपाळ्यात मजकूर बसवायचा असेल, तर संगणकापुढे बसण्याआधी तो कागदावर पाच ओळींत लिहून पाहावा. वर ‘चला’, मग ‘रक्तदान करू’, मधोमध ‘रविवारी सकाळी दहा वाजता’, खाली ‘शाळेच्या पटांगणात’ आणि शेवटी ‘या’. सर्वांत महत्त्वाचे ते मधल्या रुंद ओळीत यावे. माणसाचे नाव दोन ओळींत तोडू नये, आणि ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ ओळीच्या टोकाला एकटे सोडू नये. एवढे करूनही मजकूर मावत नसेल, तर अक्षर बारीक करण्यापेक्षा शब्द कमी करावेत. तेही शक्य नसेल, तर चौकट सरळ करावी; तिरपी चौकट आपल्या हौसेसाठी असते, सरळ मजकूर वाचणाऱ्यासाठी. आणि छपाईला देण्यापूर्वी शेवटची ओळ कागदावर उतरली आहे की नाही, हे बोट ठेवून पाहावे.