प्रॉक्समॉक्स व्हीई: सामायिक स्टोरेज आणि सबस्क्रिप्शन

ओळख
• एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली. पहिली आवृत्ती २००८. कंपनी ऑस्ट्रियातील व्हिएन्नाची.
• पाया डेबियन लिनक्स. आभासी यंत्रांसाठी केव्हीएम, कंटेनरसाठी एलएक्ससी.
• याच क्षेत्रातील व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली. डिसेंबरमध्ये व्हीएमवेअरच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली.

सामायिक स्टोरेज
सर्व सर्व्हरना एकाच वेळी दिसणारी साठवण. यंत्र चालू असतानाच त्याची डिस्क न हलवता ते दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते.
• एनएफएस: नेटवर्कवरील फाइल साठवण. उभारणी सोपी. डिस्क क्यूकाऊ२ या फाइल स्वरूपात असल्यास स्नॅपशॉट घेता येतात.
• आयस्कझी: नेटवर्कवरून ब्लॉक साठवण. त्यावर एलव्हीएम (लिनक्सची डिस्क-विभाग व्यवस्था) वापरून ती सामायिक करता येते. एलव्हीएम-थिन मात्र अनेक सर्व्हरमध्ये सामायिक होत नाही.
• सेफ: सर्व्हरमधल्याच डिस्क जोडून बनलेली साठवण. किमान ३ सर्व्हर; सामान्यतः प्रत्येक माहितीच्या ३ प्रती.
• झेडएफएस: सामायिक नव्हे, स्थानिक साठवण. ठरावीक अंतराने दुसऱ्या सर्व्हरवर प्रत जाते. सर्व्हर बंद पडल्यास शेवटच्या प्रतीनंतरचे बदल गमावले जातात.

सबस्क्रिप्शन
• आकारणी वार्षिक, प्रोसेसर सॉकेटमागे. कोअरची संख्या मोजली जात नाही.
• स्तर चार: कम्युनिटी, बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम.
• चारही स्तरांत एंटरप्राइज रिपॉझिटरीतील अधिक तपासलेले अपडेट मिळतात. कंपनीचे तांत्रिक साहाय्य बेसिकपासून सुरू होते.
• सबस्क्रिप्शन नसले तरी प्रणालीच्या सर्व सुविधा वापरता येतात.