फॉरमॅट न मारता मदरबोर्ड बदलताना

संगणकाची घरगुती देखभाल : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण एसएमपीएस तपासला. तो ठणठणीत असूनही संगणक चालू होत नसेल, तर संशय मदरबोर्डवर जातो. अशा वेळी दुकानात दोन वाक्यं एका दमात ऐकू येतात : बोर्ड बदलावा लागेल आणि फॉरमॅट मारावा लागेल. पहिलं वाक्य बहुधा खरं असतं. दुसरं वीस वर्षांपूर्वी खरं होतं, आता ते सवयीनं म्हटलं जातं.

माझ्या ओळखीच्या एक बाई पुण्यात घरूनच डीटीपीचं काम करतात. त्यांच्या संगणकावर श्री-लिपीचे जुने फॉन्ट होते, लग्नपत्रिकांचे साचे होते, आणि सीडी केव्हाच हरवलेल्या एका प्रिंटरचा ड्रायव्हर होता. बोर्ड सकाळी कधी चालू व्हायचा, कधी व्हायचा नाही. ‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकून त्या हवालदिल झाल्या होत्या. फाइलींचा बॅकअप होता, पण बसलेली घडी विस्कटणार होती. कोणता फॉन्ट कुठे, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती सेटिंग, हे सगळं पुन्हा लावायला महिना गेला असता. त्यांचा बोर्ड आम्ही बदलला आणि विंडोज तेच राहिलं. ते कसं राहतं, हे समजून घेतलं तर काय तयारी करायची ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

संगणक चालू करताना पहिले काही क्षण विंडोज झोपलेलंच असतं. बोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला फर्मवेअर, ज्याला आपण अजून बायोस म्हणतो, तो डिस्क वाचतो आणि विंडोजचा गाभा व अगदी आवश्यक ड्रायव्हर उचलून मेमरीत आणून ठेवतो. मग एक क्षण येतो जेव्हा फर्मवेअर बाजूला होतो आणि डिस्क वाचायचं काम विंडोज स्वतःच्या हाती घेतं. पालखीचे भोई खांदा बदलतात ना, तसा हा क्षण. दुसऱ्याचा खांदा दांडीखाली आलेला नसताना पहिल्यानं काढून घेतला, तर पालखी खाली. इथे खांदा म्हणजे डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर. नव्या बोर्डवरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीच मेमरीत आलेला नसेल, तर ज्या डिस्कवरून विंडोज चालू होतंय तीच त्याला दिसेनाशी होते. मग निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द.

विंडोज एक्सपीच्या काळात हे हमखास व्हायचं. चिपसेट बनवणाऱ्या कंपन्यांचे कंट्रोलर वेगवेगळे होते आणि एक्सपी फक्त आपल्या ओळखीचा कंट्रोलर धरून बसायचं. विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर असायचे, पण बसवताना जे लागले नाहीत ते बंद करून ठेवलेले असायचे. रजिस्ट्रीत जाऊन एक आकडा बदलला की काम व्हायचं, न बदलला तर निळा पडदा. हे चित्र दोन गोष्टींनी पालटलं. एक म्हणजे डिस्कशी बोलायची भाषा सर्वांची एक झाली : साटा डिस्कसाठी एएचसीआय आणि २०११ मध्ये आलेलं एनव्हीएमई. बोर्ड कोणाचाही असो, ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. दुसरी म्हणजे २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं अनोळखी हार्डवेअर दिसलं की जुळवून घ्यायची तयारी विंडोजलाच शिकवली. म्हणून विंडोज १० किंवा ११ असलेली डिस्क नव्या बोर्डला लावली की पडद्यावर ‘उपकरणं तयार करत आहोत’ अशा अर्थाचा मजकूर येतो, एक-दोनदा रिस्टार्ट होतं आणि आपला नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी हेच होतं.

यात एक अडथळा अजून शिल्लक आहे. इंटेलच्या अलीकडच्या बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय असते, काही बोर्डांवर साटाचा मोड ‘रेड’ असतो. ती चालू असेल तर डिस्क इंटेलच्या खास ड्रायव्हरमागे लपते आणि तो जुना खांदेपालटाचा घोळ पुन्हा होतो. नव्या बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा, मोड एएचसीआय ठेवा, आणि मगच विंडोज चालू करा. जुना संगणकच ‘रेड’ मोडवर चालत असेल, तर जुन्या बोर्डवर असतानाच विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवावं. सेफ मोडमध्ये विंडोज आपल्याकडचे सगळे डिस्क-ड्रायव्हर घेऊनच उठतं.

बाईंच्या संगणकात अडचण निघाली ती वेगळीच. विंडोज १० बसवणाऱ्यानं ते जुन्या, लेगसी पद्धतीनं बसवलं होतं. डिस्कची विभागणी एमबीआर प्रकारची होती. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीनं चालतात, त्यांना जीपीटी विभागणी लागते. २०२० पर्यंत जुन्या पद्धतीचा आधार काढून घेणार, असं इंटेलनं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. अशी डिस्क नव्या बोर्डला लावली तर बोर्ड म्हणतो, चालू करण्यासारखं काही सापडलं नाही. लोकांना वाटतं डिस्क गेली, आणि तिथेच फॉरमॅट मारला जातो. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच दिलेलं आहे. ते एकही फाइल न पुसता विभागणी बदलतं. अट एवढीच की एमबीआर डिस्कवर प्रायमरी विभाग तीनपेक्षा जास्त नसावेत. बोर्ड चालू झाला त्या सकाळी आम्ही पहिलं काम हेच केलं. अर्थात आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली होती. ती न काढता या वाटेला कोणीही जाऊ नये.

इथवर आपण ड्रायव्हरचं बोललो. ड्रायव्हर नंतर मिळतात. बोर्डबरोबर खरोखर जाते ती संगणकाची ओळख, आणि माणसं अडकतात ती तिथे.

टीपीएम हे नाव विंडोज ११ मुळे सर्वांच्या कानावर पडलं. ही एक छोटी तिजोरी आहे; कधी बोर्डवर वेगळी चिप म्हणून, कधी प्रोसेसर आणि फर्मवेअरच्या आत. बिटलॉकर चालू असेल तर डिस्क कुलूपबंद असते आणि किल्ली या तिजोरीत असते. बोर्ड बदलला की तिजोरी बदलली. नवी तिजोरी रिकामी असते आणि विंडोज तुमच्याकडे ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. कोणताही दुरुस्तीवाला, कोणतंही सॉफ्टवेअर ते उघडू शकत नाही. आपण बिटलॉकर कधी चालूच केलं नाही, असं अनेकांना वाटतं. पण विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून, नव्यानं विंडोज बसवून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की पात्र संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा आणि खात्री करा. चालू असेल तर बोर्ड काढण्याआधी ते बंद करून कुलूप पूर्ण उघडू द्या. मोठ्या डिस्कला तास-दोन तास लागू शकतात. बोर्ड आधीच मेला असेल, तर मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधा. निळ्या पडद्यावर कीचा ओळखक्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवा.

एएमडीच्या बोर्डवर प्रोसेसर बदलल्यावर टीपीएम रीसेट करायचं का, असं विचारणारा काळा पडदा येतो आणि वाय किंवा एन दाबायला सांगतो. की हाताशी असल्याशिवाय वाय दाबू नका.

तिजोरीत आणखी एक गोष्ट असते : लॉगिनचा चार-सहा आकडी पिन. नव्या बोर्डवर तो चालत नाही, पासवर्ड मागितला जातो. वर्षानुवर्षं पिननं लॉगिन करणाऱ्याला पासवर्ड आठवत नाही. तो बदलायला इंटरनेट लागतं आणि नव्या बोर्डच्या लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर अजून पडलेला नसतो. या एका साखळीत अडकून कितीतरी जण शेवटी फॉरमॅटला शरण जातात. पासवर्ड आधी आठवून, एकदा टाकून पाहा. नव्या बोर्डचा लॅन ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. तोही राहिला, तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. रिटेल परवाना तुमचा असतो, नव्या बोर्डवर नेता येतो. तयार संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या बोर्डशी बांधलेला असतो. वेगळा बोर्ड घातला की नवा परवाना घ्यावा लागतो. तो खर्च धरूनच हिशेब करा. रिटेल असेल तर बोर्ड बदलण्याआधी तो मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. ही सोय २०१६ पासून आहे. नंतर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडायचा. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचाही परवाना संगणकाशी बांधलेला असतो. जुन्या बोर्डवरूनच तो ‘सरेंडर’ करून घ्या.

लिनक्स वापरणाऱ्यांना फार काळजीचं कारण नाही. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. नेटवर्क कार्डाचं नाव तेवढं बदलतं आणि जुन्या नावावर केलेली सेटिंग पुन्हा करावी लागते.

हे सगळं झाल्यावर स्क्रू काढणं-लावणं सोपं आहे. एकच सांगतो : कॅबिनेटमधले पितळी खुंट नव्या बोर्डच्या भोकांशी जुळवून घ्या. नको त्या जागी राहिलेला एक खुंट बोर्डला मागून टेकला तर तो जाळू शकतो.

विंडोज ७ किंवा त्याआधीचं काही असेल, किंवा संगणक आधीपासूनच व्हायरसनं आणि अर्धवट काढलेल्या सॉफ्टवेअरनं खंगलेला असेल, तर मीही नव्यानं विंडोज टाकायलाच सांगेन. बोर्ड बदलून आजारी विंडोज बरं होत नाही. पण चांगलं चाललेलं विंडोज केवळ बोर्ड बदलला म्हणून पुसू देऊ नका.

बाईंच्या संगणकावर नव्या बोर्डनिशी पहिल्यांदा डेस्कटॉप आला तेव्हा त्यांनी आधी श्री-लिपी उघडून पाहिलं, मग प्रिंटरवर एक पान काढलं. दोन्ही चाललं. नव्या बोर्डवर टीपीएम असल्यानं पुढच्याच आठवड्यात आम्ही त्याच विंडोजवर ११ चढवलं, कारण विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे.

तुमचा बोर्ड आज व्यवस्थित चालत असेल, तर आजच दोन गोष्टी करा. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा, आणि असेल तर ते ४८ अंक कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. ते फक्त संगणकात ठेवू नका.

(क्रमशः)