रक्तातलं गंधक मोजताना

विषयाचं नाव जरा जड आहे, म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून करू. काल रात्री तुम्ही लसणाची चटणी खाल्लीत. झोपताना दात घासले, सकाळी परत घासले, वर बडीशेप खाल्ली. तरी बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला कळायचं ते कळतंच. कारण तोपर्यंत तो वास तोंडातला राहिलेला नसतो. लसणातल्या गंधकयुक्त पदार्थांपासून अॅलिल मिथाइल सल्फाइड नावाचा रेणू तयार होतो, तो आतड्यातून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात आणि मग श्वासात येतो. थोडा लघवीतूनही जातो. तिथपर्यंत ब्रश कसा पोचणार?

आपल्या भाषेत या मूलद्रव्याचं नावच गंधावरून पडलंय. गंमत म्हणजे शुद्ध गंधकाच्या पिवळ्या खड्याला फारसा वास नसतो, वास असतो तो त्याच्या संयुगांना. माणसाच्या शरीरात साधारण १४० ग्रॅम गंधक असतं, बहुतेक प्रथिनांमध्ये. डाळ, दूध, अंडी यांतून येणारी मिथिओनिन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्लं त्याचे मुख्य वाहक. आज आपण ज्याच्याबद्दल जास्त बोलणार आहोत तो पदार्थ या दोघांच्या मधल्या वाटेवर तयार होतो. त्याचं नाव होमोसिस्टीन.

मिथिओनिनपासून होमोसिस्टीन बनतं. पुढे त्याला दोन रस्ते असतात. एक म्हणजे परत मिथिओनिन व्हायचं, त्याला ब१२ जीवनसत्त्व आणि फोलेट लागतं. दुसरा म्हणजे सिस्टीन व्हायचं, त्याला ब६ लागतं. रस्ता अडला की होमोसिस्टीन रक्तात साचतं. काही मुलांमध्ये दुसऱ्या रस्त्यावरचं विकरच जन्मतः सदोष असतं. त्या विकाराला होमोसिस्टिन्युरिया म्हणतात. डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं, कोवळ्या वयात रक्तात गुठळ्या होतात. वेळेत कळलं तर उपचार आहेत, काही मुलांना तर ब६ च्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. उशिरा कळलं तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

पण हा विषय फक्त दुर्मीळ आजाराचा नाही, आपल्या दाराशी आहे. २००१ मध्ये पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७७ टक्के लोकांचं होमोसिस्टीन लिटरला १५ मायक्रोमोलच्या वर होतं, आणि मोठं कारण होतं ब१२ ची कमतरता. वनस्पतींमध्ये ब१२ जवळपास नसतंच, त्यामुळे शाकाहारी घरांमध्ये हा प्रश्न जास्त दिसतो. सांगायचं एवढंच, की १५ हा आकडा आपल्याकडे कागदावरचा नाही. रिपोर्टात १४ आलं तर डॉक्टर पुढे जातात, १९ आलं तर थांबून चार प्रश्न विचारतात.

मग मोजायचं कसं? पहिली अडचण अशी, की रक्तद्रवात होमोसिस्टीन सुटं फिरत नाही. त्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजनची एक जोडी असते, आणि ती कुणाशीही चटकन हात मिळवते. बहुतांश होमोसिस्टीन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, काही सिस्टीनला, काही आपल्याच भावंडाला. मोकळं राहतं ते जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून आधी हे सगळे हात सोडवावे लागतात. डायथायोथ्रीटॉल नावाचं रसायन ते काम करतं. मग प्रथिनं साक्याप्रमाणे खाली बसवायची आणि वरचा निवळ द्रव यंत्रात सोडायचा.

यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. पाठ्यपुस्तकात त्याला वस्तुमान पंक्तिमापक म्हणतात, आम्ही प्रयोगशाळेत ‘मासस्पेक’ म्हणतो. त्याचं तत्त्व साधं आहे: रेणूला विद्युतभार द्यायचा, पोकळीतून पळवायचा आणि वजनाप्रमाणे वेगळा करायचा. नाजूक जैविक रेणू द्रवातून न मोडता हवेत उडवणं फार दिवस जमत नव्हतं. इलेक्ट्रोस्प्रेनं ते जमवलं, आणि जॉन फेन यांना २००२ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. भारित होमोसिस्टीनचं वजन भरतं १३६. यंत्र पहिल्या चाळणीत फक्त १३६ ची मंडळी निवडतं, त्यांना वायूवर आपटून फोडतं आणि दुसऱ्या चाळणीत ९० वजनाचा तुकडा शोधतं. वजन १३६ असलेले इतर पदार्थ रक्तात असू शकतात. पण १३६ चा असून फुटल्यावर ९० चा तुकडा देणारा, शिवाय नळीतून नेमक्या त्याच मिनिटाला बाहेर पडणारा दुसरा कोणी सापडणं कठीण.

आता यातली आम्हाला सर्वात आवडणारी युक्ती. सुरुवातीलाच, हात सोडवायच्या आधी, नमुन्यात आपण मोजून ‘जड’ होमोसिस्टिन घालतो. होमोसिस्टिन म्हणजे दोन होमोसिस्टीनची जोडी. या जड जोडीत आठ हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतं. जोडी सुटली की प्रत्येकाच्या वाट्याला चार येतात, म्हणून हा पाहुणा १४० वर दिसतो आणि फुटल्यावर ९४ वर. रसायनाच्या दृष्टीनं तो घरच्यासारखाच वागतो. धुण्यात दहा टक्के होमोसिस्टीन वाया गेलं तर त्याचेही दहा टक्के जातात. हात नीट सुटले नाहीत तर त्याचेही सुटत नाहीत. आपण बघतो ते फक्त दोघांचं गुणोत्तर. किती घातलं होतं हे ठाऊक असतं, त्यावरून रक्तात किती होतं ते निघतं.

इतकं चोख काम असूनही आम्ही एकदा सपशेल आपटलो. एका तालुक्याच्या गावी तपासणी शिबिर झालं, तिथले नमुने आमच्याकडे आले. जवळजवळ सगळ्यांचं होमोसिस्टीन १८ ते २५. आम्हाला नवल वाटलं नाही, कारण पुण्याचे आकडे डोक्यात होते. अहवाल छापायला निघालो, तेवढ्यात आमच्यातल्या एकीनं विचारलं, ‘रक्त काढलं कधी आणि फिरवलं कधी?’ चौकशी केली. रक्त काढलं सकाळी आठला, आणि नळ्या गाडीतून येऊन सेंट्रीफ्यूजमध्ये गेल्या दुपारी दीडला. बर्फ नव्हता, महिना एप्रिलचा.

नळीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात, हे लक्षात घ्या. त्या होमोसिस्टीन बनवत राहतात आणि बाहेर टाकत राहतात. नेहमीच्या खोलीत रक्त तसंच ठेवलं तर दर तासाला सुमारे दहा टक्के वाढ होते. १३ असलेल्या माणसाचे पाच तासांत १९-२० होतात. यंत्रानं चूक केली नव्हती, त्या नळीत खरोखरच तेवढं होमोसिस्टीन होतं. आमचा जड पाहुणाही इथे उपयोगाचा नव्हता, कारण तो घरात शिरला दुपारी, आणि घोटाळा झाला सकाळी. सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं. काहींचे आकडे तरीही वाढलेलेच होते, काहींचे नव्हते. पहिल्या अहवालावरून हे दोन गट वेगळे करता आलेच नसते.

असा घोटाळा आमच्यासारख्यांच्याच वाट्याला येतो असं समजू नका. एक अख्खं संशोधनक्षेत्र यातून गेलंय. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी वायू, अगदी थोड्या प्रमाणात आपल्या पेशीच बनवतात. मेंदूत तो निरोप्याचं काम करत असावा, असं १९९६ मध्ये आबे आणि किमुरा यांनी मांडलं. मग रक्तात तो किती आहे हे मोजायची धांदल उडाली. बऱ्याच जणांनी मिथिलीन ब्लूची जुनी रंगपद्धत वापरली, आणि उत्तरं यायची लिटरला काही दशक मायक्रोमोल. आता बघा, आपल्या नाकाला हा वायू हवेच्या अब्ज भागांत मोजके भाग असला तरी कळतो. रक्तात खरंच इतका असता तर बोट कापल्यावर खोलीभर दुर्गंधी पसरली असती! नाक खरं सांगत होतं, परीक्षानळी नव्हती. त्या पद्धतीत तीव्र आम्ल लागतं, आणि ते आम्ल प्रथिनांत लोहाबरोबर बांधलेलं गंधक ओढून बाहेर काढतं. म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारा बनवत होता. २००८ च्या सुमारास हे आकडे नव्यानं तपासले गेले आणि धाडकन खाली आले, मायक्रोमोलच्या एका लहान अंशापर्यंत.

आज त्या वायूला आम्लाशिवाय, अंधारात आणि ऑक्सिजन टाळून मोनोब्रोमोबायमेन या रेणूनं पकडतात. त्याचे दोन रेणू एका सल्फाइडला दोन्हीकडून धरतात. ३४ वजनाचा निसटता वायू ४१४ वजनाचा शांत पदार्थ होतो, आणि मासस्पेकमध्ये एका प्रोटॉनसह ४१५ वर दिसतो. त्यात गंधक आहे याचा पुरावाही तिथेच मिळतो. निसर्गातल्या गंधकाचे सुमारे ९५ टक्के अणू ३२ वजनाचे आणि चार टक्क्यांहून थोडे जास्त ३४ चे. म्हणून मुख्य शिखराच्या दोन घरं पुढे एक पिल्लू उभं असतं. अचूक यंत्रात हे अंतर १.९९५८ भरतं. दोन जड कार्बनमुळे येणारं पिल्लू २.००६७ वर असतं. दशांशातल्या या फरकावरून गंधकाचा माणूस ओळखता येतो. तरी पूर्ण निश्चिंती नाहीच. गंधकाच्या साखळ्या असलेले काही रेणू पकडणाऱ्या रसायनाच्या जोरानं तुटतात आणि आकडा परत फुगतो. त्यामुळे आता आयोडोअॅसिटामाइडच्या कुळातली सौम्य रसायनंही वापरतात.

मागच्या रांगेतून एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘आमच्याकडे मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जातो, मग होमोसिस्टीनचा रिपोर्ट खरा धरायचा का?’ काकू, तो मुलगा इथून कुठे जाणार यावर ते आहे. नळी बर्फात ठेवली आणि तासाभरात फिरवून रक्तद्रव वेगळा केला तर खुशाल धरा. एकदा वेगळा झाला की त्यातलं होमोसिस्टीन काही दिवस जागचं हलत नाही. पण तो अजून सहा घरं फिरणार असेल आणि पिशवीत बर्फ नसेल, तर ही एक चाचणी प्रयोगशाळेत जाऊन द्या. आणि रिपोर्टावर रक्त घेतल्याच्या वेळेबरोबर ते फिरवल्याची वेळ आहे का, तेही बघा. नसेल तर फोन करून विचारा.