तीस पिकोफॅरडची किंमत

१९६५ साली फेअरचाइल्डच्या बॉब विडलर यांनी आखलेला ७०९ हा ऑप-अँप आला. काम चोख, पण सांभाळायला कठीण. बाहेरून नेमके रेझिस्टर-कपॅसिटर जोडले नाहीत तर तो आपणहून ऑसिलेट व्हायचा आणि आउटपुट शॉर्ट झालं की जळायचा. विडलर पुढे नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये गेले. तिथल्या त्यांच्या एलएम १०१ ला (१९६७) बाहेरून ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर पुरायचा. १९६८ साली फेअरचाइल्डच्याच डेव्ह फुलागार यांनी तो कपॅसिटर चिपच्या आत घातला. तोच ७४१.

हौशी मंडळींना ७४१ ने निर्धास्त केलं. वायर कशीही लांब असो, जोडणी चुको, तो सहसा तग धरायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग जोडून शिकणाऱ्याला याहून मोठा आधार नव्हता, असं मला मनापासून वाटतं.

पण तो कपॅसिटर चार्ज करायला आतला करंट मोजकाच, म्हणून आउटपुट मायक्रोसेकंदाला जेमतेम अर्धा व्होल्ट हलतं. १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह ८ किलोहर्ट्झच्या वर गेली की त्रिकोणी दिसू लागते. ऑडिओसाठी ७४१ वापरून निराश झालेल्यांनी दोष चिपला नव्हे, निवडीला द्यावा.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला टीएल ०७१ याच्या पंचवीसेक पट वेगवान. त्याच्या जेफेट इनपुटमुळे मोठ्या रेझिस्टन्सचे सोर्सही चालतात. मुख्य पिना त्याच, त्यामुळे सॉकेटमध्ये चिप बदलून ऑसिलोस्कोपवर फरक पाहावा. हा प्रयोग प्रत्येकाने करावाच. मात्र इनपुट निगेटिव्ह सप्लायजवळ गेलं तर टीएल ०७१ चं आउटपुट उलटं पॉझिटिव्हकडे उडी घेतं.

पण वेगच सगळं नव्हे: तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलला वेग नको, अचूकता हवी. के-टाइप अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ७४१ चा ऑफसेट २ मिलिव्होल्ट धरला तर चूक जवळपास ५० अंशांची! १९७५ च्या ओपी ०७ मध्ये ती दीडेक अंशावर येते.

आज ५ व्होल्टच्या बोर्डाशेजारी मात्र एलएम ३५८ घ्यावा. तो एकाच सप्लायवर चालतो, इनपुट ग्राउंडपर्यंत जातं. आउटपुट वर साडेतीन व्होल्टपाशी थांबतं, तेव्हा गेन त्या हिशेबाने ठेवावा.