वेळापत्रकात माणसांनाही जागा हवी

कायद्याचा विद्यार्थी नव्या सत्राचे वेळापत्रक आखतो तेव्हा विषय, हजेरी, मूट कोर्ट, इंटर्नशिप या सगळ्यांना रकाने मिळतात. झोप, घरची माणसे आणि मित्र यांच्या वाट्याला येतो तो ‘वेळ उरला तर’ एवढाच भाग. आणि वेळ काही उरत नाही.

हा अभ्यासक्रम मुळातच भरगच्च आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ वर्गाला आठवड्याला किमान ३० तासिका असतात आणि प्रत्येक विषयाला साधारणपणे ७० टक्के हजेरी लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. पण हाच नियम सांगतो, की एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक नसावी. म्हणजे ती वर्षांवर विभागणे अपेक्षितच आहे. तरीही पुढे नोकरी मिळेल की नाही या धास्तीने अनेक जण प्रत्येक सुट्टी कामाने भरून टाकतात.

याचा परिणाम मनावर होतो. केनन शेल्डन आणि लॉरेन्स क्रीगर यांनी अमेरिकेतील कायद्याच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रवेश घेताना हे विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक दुःखी नव्हते. पहिल्या वर्षातच त्यांचे समाधान घटलेले दिसले. आवड मागे पडून इतरांवर छाप पाडण्याची ओढ वाढल्याचेही त्यात आढळले.

शरीराच्या दृष्टीनेही माणसांचा सहवास ही चैन नव्हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती. नातेसंबंध घट्ट असलेल्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक दिसली. झोपेचेही तसेच. दिवसभर वाचलेली कलमे आणि निवाडे स्मृतीत पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते. त्यामुळे परीक्षेआधीची जागरणे अभ्यासावरच उलटतात.

आता साधा हिशेब पाहू. आठवड्याचे तास १६८. झोपेला ५६, तासिकांना ३०, प्रवासाला १२, रोज चार तासांप्रमाणे अभ्यासाला २८ आणि जेवण, आंघोळ, घरकामाला २१ तास धरले तरी २१ तास हाती राहतात. म्हणजे दिवसाला तीन तास. ते नावानिशी लिहून ठेवले नाहीत, तर मोबाइल गिळून टाकतो.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी झोपेची वेळ, आठवड्यातील एक मोकळी संध्याकाळ आणि घरच्यांसोबतचे एक जेवण ठरवावे. मग अभ्यास मांडावा. एका सत्रात मूट कोर्ट असेल तर त्याच काळात दुसरी स्पर्धा घेऊ नये. मित्राला एखादे प्रकरण समजावून सांगितले, तर उजळणी होते आणि भेटही. वसतिगृहात राहणाऱ्यांनी घरी फोन करण्याची वेळ ठरवून घ्यावी.

दोन आठवडे झोप लागत नसेल, भूक मंदावली असेल, कुणालाच भेटावेसे वाटत नसेल, तर तो आळस समजू नये, डॉक्टरांना भेटावे. जगणेच नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तिथे मराठीतूनही बोलता येते.

वकिलाचे सारे काम माणसांशीच असते. त्यांच्यात बसण्याची सवय शिकतानाच मोडली, तर पदवी हाती आल्यावर ती जोडणे अवघड जाते.